काकडी, मेथी आणि झोपलेला विषाणू

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीतल्या इस्पितळांत रक्ताचे जुलाब झालेले रुग्ण येऊ लागले. त्यांत धडधाकट, प्रौढ बायका जास्त होत्या. काही दिवसांतच अनेकांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्यमंत्रीबाईंनी जाहीर केले की दोष स्पेनहून आलेल्या काकडीचा आहे.

काकडीवर घातक ई. कोलाय सापडला होता हे खरे, पण पाच दिवसांत कळले की तो वेगळ्याच जातीचा आहे, रुग्णांच्या पोटातला नव्हे. तोवर स्पेनमधल्या शेतकऱ्यांची भाजी कोणी घेईना. रशियाने तर २ जूनला अख्ख्या युरोपीय संघाच्या भाजीला बंदी घातली. शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी संघाला २१ कोटी युरो काढावे लागले. परक्या मुलखातल्या मालावर बोट ठेवणे किती सोपे असते, हे मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते.

खरा धागा सापडला तो एका रेस्तराँमध्ये. काय खाल्ले हे आजाऱ्यांना विचारून उपयोग होत नव्हता. सॅलडवर भुरभुरलेले मोड कोणाच्या लक्षात राहतात? मग तपास करणाऱ्यांनी बिले पाहिली आणि आचाऱ्याला विचारले की कोणत्या पदार्थात काय काय घालतोस. ज्यांच्या ताटात कच्चे मोड होते त्यांना आजाराचा धोका चौदा पट निघाला. आचाऱ्याला विचारायचे ज्याला सुचले त्याला माझा सलाम.

आता त्या जिवाणूकडे वळू. चीनमधल्या शेन्झेनच्या संस्थेने हॅम्बुर्गच्या डॉक्टरांसोबत त्याचा जनुकसंच वाचून लगेच सर्वांसाठी खुला केला आणि देशोदेशीचे अभ्यासक त्यावर तुटून पडले. निघाले असे की मुळात हा आतड्याला चिकटून बसणारा, जुलाब करणारा साधा ई. कोलाय. पण त्याच्या जनुकांत एक विषाणू घुसून बसला होता. जिवाणूंना लागण करणाऱ्या अशा विषाणूंना फाज म्हणतात. शिगा विषाचे जनुक त्या फाजचे होते, जिवाणूचे नव्हे. हे विष शिगा नावाच्या जपानी डॉक्टरच्या नावाने ओळखले जाते. १८९७ मध्ये आमांशाचा जिवाणू त्यांनीच शोधला. ई. कोलायमध्ये हे विष फाजमार्फत येते, हे तर १९८० च्या दशकातच सिद्ध झाले होते. नवे होते ते एवढेच की चिकटण्यात पटाईत असलेल्या जिवाणूला ते मिळाले.

हा फाज एरवी निपचित पडून असतो. जिवाणू दुभंगतो तेव्हा त्याचीही प्रत निघते, बस. पण जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की तो जागा होतो, स्वतःच्या शेकडो प्रती काढतो, त्याच वेळी विष तयार होते आणि जिवाणू फुटून ते बाहेर पडते. काही प्रतिजैविके नेमकी अशीच इजा करतात. म्हणून या आजारात अँटिबायोटिक द्यावे की नाही, याबद्दल डॉक्टर फार जपून असतात. औषधानेच विष वाढावे, असा हा उफराटा प्रकार.

साथ जुलैत ओसरली. ३,८४२ लोक आजारी पडले, त्यांतले ८५५ किडनीच्या गंभीर विकाराने. ५३ जण दगावले. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळही त्याच जातीचे रुग्ण निघाले आणि तिथेही मोड होते. दोन्हीकडचा समान दुवा ठरला इजिप्तहून आलेला मेथीच्या दाण्यांचा एक लॉट. हो, आपलीच मेथी! (मी मोड आलेली मेथी सोडलेली नाही, फक्त शिजवून खातो.) युरोपने इजिप्तच्या बियांची आयात काही काळ थांबवली, इजिप्तने आरोप नाकारला. तो निष्कर्ष कोणती पोती कुठे गेली याच्या कागदपत्रांवर उभा होता. तपासलेल्या दाण्यांत तो जिवाणू कधी सापडलाच नाही.