घोडा कोणाचा, राज्य कोणाचे

सोलापूर जिल्ह्यात मराठा सत्तेच्या खुणा शोधू लागले की एका राज्याऐवजी अनेक घराणी भेटतात. करमाळ्याचा किल्ला रावरंभा निंबाळकरांचा. हे घराणे निजामाच्या पदरी गेले. अक्कलकोट भोसल्यांचे, पण हे भोसले छत्रपतींनी मांडून दिलेले. मंगळवेढे पटवर्धनांच्या वाट्याला आले आणि पुढे सांगली संस्थानात राहिले. पंढरपुरात चंद्रभागेकाठी होळकरांचा वाडा उभा आहे आणि शिंद्यांनी बांधलेले द्वारकाधीशाचे मंदिरही. १६७४ साली रायगडावर ज्या राज्यावर छत्र धरले गेले, त्याच्या खुणा भीमाकाठी इतक्या निरनिराळ्या नावांनी का सापडाव्यात? भाऊबंदकी हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. ते मला अपुरे वाटते. भाऊबंदकी शिवकाळातही होतीच. लढवय्या घराण्यांचे राज्य होते की नाही हे त्यांच्या स्वभावावर ठरत नाही. शिपायाचा घोडा कोणाचा आणि त्या घोड्याचा दाणागोटा कोणाच्या हातून येतो, यावर ते ठरते.

देशमुखी म्हणजे काय होते ते आधी पाहू. परगण्याचा सारा गोळा करून सुलतानाकडे पोहोचवायचा, त्यातला हक्क ठेवून घ्यायचा, शिबंदी बाळगायची आणि हाक आली की स्वार घेऊन निघायचे. तेल्याने तेल द्यायचे, चांभाराने जोडे द्यायचे, सणावारी पहिला मान देशमुखाचा. वाद झाला तर गोतसभा बसे आणि महजर होई. पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. सुलतान बदलले, किल्ले हातोहात फिरले, तरी महजर टिकले. खुद्द सोलापूरचा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्या भांडणात कधी लढाईचे, कधी लग्नातल्या आंदणाचे कारण झाला आणि १६६८ साली तहाने मोगलांकडे गेला. देशमुखाच्या वाड्यात यामुळे फारसे काही बदलले नाही. माणदेशात पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा होता तो शिलेदार होऊन विजापूर, अहमदनगर किंवा मोगल, जो पोसेल त्याच्याकडे चाकरीला जाई. त्याला फितूर म्हणण्यात अर्थ नाही. त्याची निष्ठा वतनाशी होती आणि ती तो इमानाने पाळत होता.

नात्यागोत्याने ही घराणी बांधली गेली असती का? फलटणच्या निंबाळकरांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई फलटणच्या, त्यांची कन्या सखूबाईही फलटणलाच दिलेली. तरी घराणे विजापूरचे चाकर राहिले. पुरंदरच्या तहानंतर १६६५ च्या डिसेंबरात महाराजांना मिर्झाराजांच्या मोहिमेत आदिलशाहीवर जावे लागले, तेव्हा त्यांनी घेतलेल्या पहिल्या ठाण्यांत फलटण होते आणि थोड्याच दिवसांनी आपल्या जिल्ह्यातले मंगळवेढेही पडले. अफझलखानाच्या फौजेतही मराठा सरदार होते. लढाईनंतर झुंजारराव घाटगे पाडाव झाले. धर्म एक, भाषा एक, सोयरीक झालेली, आणि तलवारी एकमेकांवर. एकीची भावना पुरेशी असती तर हे घडले नसते.

मग काय पुरले? १६५९ साली कान्होजी जेध्यांना विजापूरचे फर्मान आले की अफझलखानाला सामील व्हा. शेजारचे खोपडे सामील झाले होते. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे आले, शपथ घेतली आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. ‘पाणी सोडणे’ हा प्रयोग आपण आज सहज करतो. इथे तो हाताने केलेला विधी आहे. जेध्यांच्या कुटुंबकबिल्याला तळेगावी हलवले गेले, कारण वतन सोडलेला माणूस उघडा पडतो आणि त्याच्या मुलाबाळांची जबाबदारी आता राज्यावर आली होती. या प्रसंगाकडे त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते, ती आहेच. पण राज्याची पायाभरणीही तिथेच दिसते. देशमुखाने आपली मुळे एका जागेवरून उपटून दुसऱ्या जागी लावली.

एक जेधे आले म्हणून राज्य होत नाही. प्रत्येकाकडून असे पाणी सोडवून घेणे शक्य नव्हते आणि जावळीच्या मोऱ्यांसारखा १६५६ चा प्रसंग प्रत्येक घराण्यावर आणणेही शक्य नव्हते. महाराजांनी जी व्यवस्था लावली तिचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने केले आहे. वतनदारांचे हक्क ठरवून दिले, त्यांचे हुडे-कोट पाडले, साधे घर बांधून राहावे असे केले. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी निरनिराळ्या जातींचे, म्हणजे एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूला मिळू नये. आणि घोडदळात दोन भाग केले: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. शिलेदारांनी पागेच्या तालात राहावे, असा नियम. बारगिराला वेतन मिळे. स्वारीहून आणलेला माल सरकारात जमा होई. या नियमांकडे कोरडे हिशेब म्हणून पाहू नये. पागेतल्या स्वाराला नोकरी सोडायची तर घोड्यावरून उतरावे लागे. शिलेदार मात्र घोड्यासकट, आणि घराण्याचा असेल तर शंभर घोड्यांसकट, पलीकडे जाई. महाराजांनी वतने बुडवली नाहीत, जेध्यांचे वतनही चालू राहिले. त्यांनी वतनाच्या पोटातली फौज काढून घेतली. म्हणूनच मला हे राज्य खऱ्या अर्थाने राज्य वाटते.

भीमेचे खोरे मात्र या व्यवस्थेत कधी नीट आलेच नाही, आणि १६८९ नंतर त्याची किंमत दिसू लागली. संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला अकलूजला मिळाली. राजाराम महाराज जिंजीला गेले. बादशहाने १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला तळ ठेवला आणि माचणूरचा कोट त्या तळाची आठवण आजही धरून आहे. खजिना रिकामा, गड पडत चाललेले; वेतन द्यायचे कशातून? जे आपले नाही त्यातूनच देता येत होते. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना राजाराम महाराजांनी ६ लाख होनांचा सरंजाम देऊ केला. त्यातला भाग रायगड घेतल्यावर, भाग विजापूर घेतल्यावर, मग भागानगर, औरंगाबाद, आणि उरलेला दिल्ली जिंकल्यावर! या कागदातली उमेद अंगावर काटा आणते. पण त्याच कागदाने स्वाराचा घोडा पुन्हा सरदाराच्या दावणीला बांधला गेला.

सभासदाने जिंजीला बखर लिहिली ते वर्ष १६९७. त्याच वर्षी जूनमध्ये संताजी घोरपडे शंभुमहादेवाच्या डोंगरात मारले गेले. दोड्डेरीला कासीमखानाला नामोहरम करणारा, बसवापट्टणला हिंमतखानाला गारद करणारा हा सेनापती म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून पडला; संताजींनी मान्यांच्या मेहुण्याला, अमृतराव निंबाळकराला, हत्तीच्या पायी दिले होते, त्याचा तो सूड. संताजी शिस्त राज्याची मागत होते, आणि सरदार आता घराण्याचे झाले होते. मस्तक बादशहाकडे पोहोचवले गेले. पुढच्याच महिन्यात भीमेच्या पुरात ब्रह्मपुरीचा तळ वाहून गेला. नदीने जे सहज केले ते करण्याची ऐपत असलेला माणूस घराण्याच्या सूडात गेला, याची हळहळ आजही वाटते.

यावर एक आक्षेप भक्कम आहे. सरंजाम दिले नसते तर राज्य उरले असते का? बहुधा नसते, हे मी मान्य करतो. पण त्या युद्धात लढणारे कोण होते? संताजी आणि धनाजी शिवकाळात घडलेले. संताजींचे वडील म्हाळोजी १६८९ साली संगमेश्वरी धन्यासाठी मेले, तेव्हा सरंजामाची सनद कोणाच्या हातात नव्हती. सरंजामाने फौजा जमवल्या. फौजांना राज्याची ओळख आधीच्या व्यवस्थेने दिली होती. १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना राज्याचे लहान वाटेकरी मानून त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले. युद्ध जवळून चालवलेल्या माणसाचा हा इशारा आहे.

पंजाबात हीच वाट उलट दिशेने चालली गेली. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज अभिषिक्त झाले, त्याच वर्षी नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले आणि तिथूनच बंदासिंग पंजाबात गेला. पुढे तिथे बारा मिसली, म्हणजे शिखांची लढवय्यी पथके, उभ्या राहिल्या. प्रत्येक स्वार आपला घोडा घेऊन येई, जिंकलेल्या मुलखात वाटा घेई. रखवालीबद्दल रयतेकडून राखी म्हणून उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, आपल्या चौथाईचा भाऊच. अमृतसरला सरबत खालसा, म्हणजे सर्वांची सभा, भरे. गुरू एक, ग्रंथ एक, आणि तरीही मिसली आपसांत लढत. सुकरचकिया मिसलीच्या रणजितसिंगाने १७९९ साली लाहोर घेतले, १८०१ साली महाराजा झाला, आणि मग एकेक मिसल गिळत गेला. ज्यांच्या मदतीने लाहोर मिळाले त्या सासूबाई सदाकौर यांची कन्हैया मिसलही १८२१ साली सुटली नाही. १८२२ पासून फ्रेंच आणि इटालियन सरदारांच्या हाताखाली दरमहा पगाराची कवायती पलटणे आली. सतलजपलीकडचे सरदार १८०९ साली इंग्रजांच्या आश्रयाला गेले; त्यांच्यापुरते पंजाबचे राज्य नदीकाठीच थांबले, जसे आपले भीमेकाठी. कोणी म्हणेल, १८३९ साली रणजितसिंग गेला आणि दहा वर्षांत राज्य बुडाले, मग पगारी फौजेने काय साधले? ती फौज लढण्यात कमी पडली नाही. तिला पगार देणारा हात लाहोरात स्थिर राहिला नाही, एवढेच ते सांगते.

साताऱ्यात मात्र वाटणी कागदावर पक्की झाली. १७१९ साली दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या. चौथाईतली शेकडा २५ बाबती राजाची, सहा सहोत्रा, तीन नाडगौडा आणि उरलेले ६६ हिस्से मोकासा म्हणून सरदारांकडे. घोडा ज्याच्याकडे, त्याच्याकडे दोन तृतीयांश उत्पन्न. त्याआधीच १७११ च्या सुमारास चंद्रसेन जाधवांबरोबर रावरंभा निंबाळकर शाहू महाराजांना सोडून गेले होते. करमाळा त्यांना निजामाकडून मिळाला. अक्कलकोटची हकिगत याच्या शेजारी ठेवून वाचावी. दक्षिणेत परतताना पारद गावच्या पाटलाशी शाहू महाराजांच्या लोकांची चकमक झाली. पाटील लोखंडे मारला गेला आणि त्याच्या बायकोने लहान मुलाला, राणोजीला, महाराजांच्या पायावर घातले. महाराजांनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, फत्तेसिंह हे नाव दिले, आपले आडनाव दिले आणि पुढे अक्कलकोट दिले. हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, मग सोलापूर जिल्ह्यात आले. मायाळू राजाने एका पोरक्या मुलाला दिलेले ते छत्र होते. आजोबांनी बारगिराला पागेतला घोडा दिला होता. नातवाकडे द्यायला मुलूख आणि आडनाव उरले होते.