लातूर पॅटर्न आणि दोन पाठांमधली उसंत

‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित झालेली अध्यापनपद्धती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आकाराला आली आणि तिच्या उभारणीत १९७० साली स्थापन झालेल्या, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी घडवलेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचा वाटा मोठा होता. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश तेव्हा बारावीच्या गुणांवर ठरत असल्यामुळे अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या आणि चाचण्यांमागून चाचण्या घेऊन चुका विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायच्या, अशी तिची घडण होती; अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्यांची मुले तिच्या बळावर गुणवत्ता यादीत झळकली, ही मराठवाड्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

या पद्धतीचे खरे बळ चाचणीत होते; ते का, हे विस्मरणावरील जुन्या प्रयोगांतून उमगते. ग्यॉटिंगेन येथील म्युलर आणि पिल्त्सेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९०० साली दाखवून दिले होते की निरर्थक अक्षरांची एक यादी पाठ केल्यावर लगेच दुसरी यादी पाठ करायला लावली, तर पहिलीतील बरेच विसरले जाते. नव्या अनुभवाने नुकत्याच घडलेल्या स्मृतीला आणलेल्या या अडथळ्याला पश्चलक्षी व्यत्यय म्हणतात, आणि स्मृती पक्की होण्यास काही काळ लागतो, या प्रक्रियेला त्यांनी दृढीकरण असे नाव दिले. पुढे १९३१ साली मॅकगिऑक आणि मॅक्डोनाल्ड यांना आढळले की नवे साहित्य जुन्याशी जितके मिळतेजुळते, तितका हा व्यत्यय अधिक. सेंद्रिय रसायनशास्त्रातील एकामागून एक येणाऱ्या, एकसारख्या भासणाऱ्या अभिक्रिया हे त्याचे वर्गातले उदाहरण होय. जे शिकले ते पुस्तक मिटून आठवायला लावणारी चाचणी स्मृतीला बळकटी देते आणि अशा व्यत्ययापासून तिचे बऱ्याच अंशी रक्षण करते. लातूरच्या प्राध्यापकांनी हे अध्यापनाच्या अनुभवातून साधले होते.

२०१६ नंतर वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या प्रवेश परीक्षेवर ठरू लागले, लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या बाबानगर-भाग्यनगर भागात शिकवणी वर्गांचा व्यवसाय फोफावला, आणि कॉलेज, शिकवणी, अभ्यासिका यांच्या तासिका एकमेकींना भिडल्या. चाचण्या वाढल्या, स्मृतीच्या दृढीकरणाला लागणारी दोन विषयांमधली उसंत मात्र आटली, आणि मूळ पद्धतीचे हे मोठे नुकसान आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाठांतरानंतर झोप घेतल्यास तेवढाच काळ जागे राहण्यापेक्षा विसर कमी पडतो, असे दिसले होते. तेव्हा वसतिगृहात मध्यरात्री नवा धडा उघडणाऱ्या मुलाला झोपायला पाठवणे हेही अध्यापनाच्याच कक्षेत येते.