यातली खरी कथा कोणती?

आर्थर राजाच्या किंवा ग्रीक पुराणकथांचं चांगलं पुस्तक शोधताना आपण आधी विचारतो, मुळाला धरून कुठलं? पण मंडळी, मूळ एक असतं का? जेफ्री ऑफ मॉन्मथने ११३६च्या सुमारास आर्थरची कथा लिहिली, तीत लान्सलॉट नाहीच. राणीशी त्याचं प्रेम जुळवलं ते त्याच शतकात, पुढे, क्रेतियाँ द त्रोआ या फ्रेंच कवीने. मॅलरीचा ग्रंथ कॅक्स्टनने १४८५मध्ये छापला. वेगळा पाठ असलेलं हस्तलिखित विंचेस्टरला सापडलं थेट १९३४मध्ये.

ग्रीकांकडेही तेच. युरिपिडीसच्या नाटकात मीडिया स्वतःच्या मुलांना मारते. दुसऱ्या एका परंपरेत त्यांना मारतात कॉरिंथचे लोक. म्हणजे एका आईवर मुलांच्या हत्येचा ठपका ठेवायचा की नाही, हे कथा सांगणारा ठरवतो!

म्हणून पुस्तक निवडताना आपण एवढंच पाहावं, की लेखक आपली निवड लपवतो का? रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९५५च्या संग्रहात पाठभेद दिलेले आहेत; त्याचे अन्वयार्थ मात्र जपून घ्यावेत. टी. एच. व्हाइट तर कादंबरीच्या शेवटी खुद्द मॅलरीलाच राजाचा पोरसवदा सेवक म्हणून उभा करतो. ही आपली मांडणी आहे, हे तो दडवत नाही. अशी पुस्तकं घरात असू द्यावीत, आणि एकाच कथेची दोन तरी.