शरणपूरचीं आफ्रिकन मुलें व पटकीची सांथ

नाशिकच्या जुन्या वस्तीच्या पश्चिमेस असलेलें शरणपूर सर्वांस ठाऊक आहे. पण तेथें कोण शरण आलें होतें, हें सांगणारे थोडे. मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं इ. स. १८५० नंतरच्या दशकांत ही वसाहत वसविली. गुलाम म्हणून विकावयास नेलेलीं आफ्रिकन मुलें इंग्रजी आरमार समुद्रावर सोडवून मुंबईस उतरवी. त्यांपैकीं पुष्कळ येथें येत. आपली प्रजा म्हणून त्यांस परत मागणारें राज्य कोठेंच नव्हतें. आईबापांनीं ठेविलेलीं नांवेंहि जाऊन सायमन, अब्राहम अशीं नवीं नांवें आलीं.

यांतील नऊ मुलें डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं इ. स. १८६६ च्या आरंभीं मुंबईहून आफ्रिकेस नेलीं. इ. स. १८६५ त हजच्या यात्रेंत भडकलेली पटकी पुढें पूर्व आफ्रिकेंत शिरली व इ. स. १८६९-७० त झांजीबारांत तिनें कहर केला. लिव्हिंग्स्टन तेव्हां टांगानिका सरोवरापलीकडे मान्येमा प्रांतांत होते. व्यापारी तांड्यांच्या वाटेनेंच रोग तेथवर आला, असें त्यांच्या रोजनिशीवरून दिसतें. आणि त्यांचा माल व पत्रें यावयाचीं तींहि त्याच वाटेनें! जुलै १८७० त ते पुढें निघाले तेव्हां सोबत तिघेच होते: सुसी, चुमा व नाशिकचा गार्डनर. मागें राहिलेल्यांस त्यांनीं कठोर दोष दिला आहे. तो जसाच्या तसा स्वीकारावा, असें आम्हांस वाटत नाहीं. परमुलखांत, सांथींत, ज्यांची वास्तपुस्त करणारा कोणी नाहीं, अशांनीं पुढें जाण्याचें नाकारलें तर त्यास केवळ बेइमानी म्हणतां येत नाहीं. आणि ही रोजनिशी धन्याची आहे, चाकरांची नव्हे.

शरणपुरांत शिकलेल्या एकाची मात्र स्वतंत्र साक्ष उरली आहे. जेकब वेनराइट हा इ. स. १८७२ त स्टॅन्लेनें धाडलेल्या तुकडींतून लिव्हिंग्स्टनांस मिळाला. मे १८७३ त चितांबोच्या गांवीं ते वारले, तेव्हां अंत्यविधीची प्रार्थना त्यानेंच वाचली व झाडावर लेख कोरला. त्याच्या हातची रोजनिशी स्कॉटलंडांत ब्लँटायर येथें जपली गेली व इ. स. २०१९ त मूळ हस्तलिखिताच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली. धन्याच्या मोठ्या ग्रंथाशेजारीं हें लहानसें बाड ठेवून वाचावें, अशी हस्तलिखितप्रेमी वाचकांस आमची विनंति आहे.

इ. स. १८७५ त प्राइस यांनीं मोंबासानजीक फ्रीअरटाऊन वसविलें व नाशिकचीं पुष्कळ माणसें तिकडे गेलीं. तेथें त्यांस ‘मुंबईचे आफ्रिकन’ म्हणूं लागले.