चंदीगड : स्थलांतरितांचा मुक्काम

१९४७च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पंजाबसाठी नवी राजधानी म्हणून चंदीगड वसले. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांना इथे रुजायला सरकारी नोकरी, भूखंड आणि व्यापार यांनी आधार दिला. मात्र शहरासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या गावकऱ्यांना उठावे लागले, हे सहसा विसरले जाते.

मुख्य वास्तुकार ल कॉर्ब्युझिए येऊन-जाऊन राहिले. त्यांचे चुलतभाऊ प्येर जानरे मात्र १९६५पर्यंत इथेच राबले. प्रकृती ढासळल्याने ते परतले, पण त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा इथल्याच सुखना तलावात विसर्जित झाली.

पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून मजूर आले. कामाने त्यांना धरून ठेवले, घराने नाही. आखीव सेक्टरांत त्यांना परवडणारी जागा जवळजवळ नव्हतीच, म्हणून झोपडवस्त्या वाढल्या; १ मे २०२२ रोजी, नेमक्या कामगार दिनी, कॉलनी क्रमांक ४ ही अशीच एक वस्ती पाडण्यात आली. तिथल्या काहींना मलोया भागात सदनिका मिळाल्या.

१९९१-२००१ या दशकात ४०.२८ टक्के असलेली लोकसंख्यावाढ पुढच्या दशकात १७.१९ टक्क्यांवर आली. महागड्या घरांमुळे अनेक कुटुंबे शेजारच्या मोहाली, पंचकुला, झिरकपूरला सरकली. नोकरी मात्र चंदीगडातच. तरुणांची पावले कॅनडाकडे.