वीतभर जोडतारेची कुळकथा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आषाढ लागला कीं तांबें काळवंडूं लागतें. देवघरांतील पळी-पंचपात्री चिंच लावून पुन्हां लखलखीत करतां येते. परंतु हौशी बिनतारीवाल्याच्या मेजावर यंत्राला यंत्र जोडणारी जी आखूड केबल असते, तिच्या पोटांत ओलावा एकदां शिरला म्हणजे तेथवर चिंच पोंचत नाहीं. केबल बाहेरून नवी दिसते, आणि आवाज मात्र दूरच्या केंद्रास ऐकूं येईनासा होतो.

ही जोडतार कोॲक्सिअल जातीची. मध्यें तांब्याची तार, तिच्याभोंवतीं विद्युत्‌रोधक पदार्थ, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची वीण आणि सर्वांवर आवरण. आंतील तार व बाहेरील वीण यांचा अक्ष एकच. लहरीला वाटेंत कोठेंहि सांडूं न देतां कोंडून नेणें, हें तिचें काम.

तिच्या पूर्वजांपैकीं एक मुंबईच्या किनाऱ्याला लागलेला आहे. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र आगबोटीनें मुंबई ते एडन समुद्रतळाशीं तार अंथरली. मध्यें तांबें व त्यावर मलायाकडील झाडांच्या चिकाचा, म्हणजे गट्टापर्चाचा, थर. परतीच्या प्रवाहासाठीं निराळी तार नव्हती. तें काम समुद्राकडेच सोंपविलें होतें. जें खारें पाणी आज कोंकणांत जोडतारेचा वैरी ठरतें, तेंच त्या वेळीं तिचा अर्धा भाग होतें! पुढें १८८० मध्यें ऑलिव्हर हेविसाइड यानें इंग्लंडांत समाक्ष रचनेचें पेटंट घेतलें, आणि १९२९ मध्यें अमेरिकेंत एस्पेनशीड व ॲफेल यांनीं एकाच केबलींतून अनेक संभाषणें नेण्याची पद्धति मांडली.

अडचण होती ती रोधकाची. अतिजलद लहरींपुढें गट्टापर्चाचा निभाव लागेना. १९३३ मध्यें इंग्लंडांतील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत गिब्सन व फॉसेट निराळ्याच शोधांत असतां भांड्याच्या तळाशीं पांढरा मेणचट पदार्थ सांपडला. तोच पॉलिथीन. १९३९ सालीं त्याचें मोठें उत्पादन सुरू झालें व महायुद्धांत तें रडारच्या केबलींकडे वळलें. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द होऊन त्यांचे ध्वनिक्षेपक सरकारजमा झाले. ज्या पदार्थानें त्यांचें काम सोपें व्हावयाचें, तो जगांत आला आणि यांच्या मेजावरील यंत्रें गेलीं!

युद्ध संपल्यावर परवाने पुन्हां मिळूं लागले. लष्कराच्या उरलेल्या सामानांतून यंत्रें, केबली आणि त्यांच्या टोंकांचे जोड हौशी मंडळींच्या हातीं आले. यांतील पीएल-२५९ हा जाडजूड जोड १९३० नंतरच्या दशकांतला. त्याचा अवरोध सर्वत्र सारखा राहत नाहीं. लघुलहरींवर तें खपून जातें, त्याहून आखूड लहरींवर बाधूं लागतें. केबलीचा अवरोध पन्नास ओम कां, याचें उत्तर व्यवहारी आहे: मध्यें हवा असलेल्या केबलींत सुमारें ७७ ओमांस हानि सर्वांत कमी, तर सुमारें ३० ओमांस शक्ति सर्वाधिक पेलते. पन्नास ही त्या दोहोंमधील तडजोड.

विकतची जोडतार मिळत असूनहि ती घरीं करण्याचा परिपाठ टिकला, तो केवळ काटकसरीसाठीं नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीस भूकंप झाला आणि २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत झाला. दोन्ही वेळीं हौशी बिनतारीवाले तेथें धांवून गेले व निरोप पोंचवूं लागले. अशा जागीं सामानाचें दुकान नसतें. घरून बांधून नेलेल्या चार-दोन जोडतारा, आणि एखादी निकामी झाली तर ती तेथेंच दुरुस्त करणारा हात, यांवरच भिस्त.

कारागिरी अर्थात् टोंकाशींच कसास लागते. आवरण सोलतांना चाकू खोल गेला तर वीण तुटते. डाख देतांना तापलेली कैची रेंगाळली, तर पॉलिथीन विरघळून मधली तार एका अंगास सरकते. विणींतील केंसासारखी एकच तार मध्यभागास टेकली कीं सारा प्रवाह तेथेंच संपतो. मापकानें तपासून हा दोष तरी सांपडतो. ओलाव्याचा दोष पुष्कळदां सांपडत नाहीं, कारण साध्या प्रवाहाला वाट मिळते आणि लहर मात्र काळवंडलेल्या विणींत जिरून जाते.

केबलीच्या वरच्या आवरणास बहुधा पीव्हीसी वापरतात. त्याची राळ १९९४ पासून रत्नागिरीजवळच गोळपच्या परिसरांत फिनोलेक्सच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. तथापि आवरण कितीहि चांगलें असलें तरी पाणी शिरतें तें टोंकानें. आणि विणींतून तें दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें आंत चढत जातें. म्हणून बाहेरच्या जोडावर रबरी पट्टी ताणून गुंडाळतात, आणि केबलीला जोडाच्या अलीकडे खालीं झोळ देतात, म्हणजे पागोळी तेथून गळून जाते. इतकें करूनहि वीण काळी पडलीच, तर तिला डाख धरत नाहीं. मग चकचकीत तांबें लागेपर्यंत केबल मागें कापीत जावें लागतें, आणि पांच वितींची जोडतार पावसाळ्याअखेर चार वितींची उरते.