तबकडीवरचा कुत्रा आणि त्याचे भाईबंद

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला कुत्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या या कुत्र्याचे नाव निपर. तो १८८४ साली ब्रिस्टलमध्ये जन्मला. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना चावे घेई म्हणून हे नाव. फ्रान्सिस बरॉ यांनी निपरच्या मृत्यूनंतर काढलेले चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली विकत घेतले. त्याच्या नेमक्या जातीविषयी मतभेद असले, तरी तो टेरिअर होता हे नक्की. मात्र चित्रातल्याइतका स्वस्थ बसणारा टेरिअर विरळाच!

'टेरा' म्हणजे लॅटिनमध्ये जमीन. इंग्लंडमध्ये घोडेस्वार आणि हाउंड कुत्रे खोकडाचा पाठलाग करीत. (फॉक्सला आपण सर्रास कोल्हा म्हणतो, पण कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड.) खोकड बिळात शिरले की मोठ्या हाउंडांचे काही चालत नसे. मग आत टेरिअर सोडायचा. त्याने खोकडाला मारायचे नाही, भुंकून हुसकून काढायचे. त्यासाठी छाती माणसाच्या दोन पंजांच्या वेढ्यात मावेल इतकीच हवी. रंग पांढरा हवा, नाहीतर बिळाबाहेर येताच हाउंड त्यालाच खोकड समजायचे. शिवाय अंधारात, मालक दिसत नसताना, स्वतःच्या बुद्धीने वागण्याची धमक हवी.

असे कुत्रे जोपासण्याचा छंद जॉन ऊर्फ जॅक रसेल (१७९५–१८८३) यांना होता. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, त्यांनी एका गवळ्याकडून 'ट्रंप' नावाची कुत्री घेतली. पुढे ते डेव्हनमध्ये पाद्री झाले, पण शिकार सुटली नाही. 'जॅक रसेल टेरिअर' हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

आज तोच कुत्रा दिवाणखान्यात आला आहे. इंग्लंड-वेल्समध्ये हाउंडांच्या टोळीने खोकडाची शिकार करण्यावर २००५ पासून बंदी आहे. काम गेले, पण शेकडो पिढ्यांच्या निवडीतून पक्का झालेला स्वभाव कुठे जाणार? बाग उकरणे, सतत भुंकणे, हाक मारली तरी न ऐकणे, यांना आपण खोड्या म्हणतो. बिळात हेच गुण होते. सहा किलोंचा जीव पाहून 'छोट्या घराला छोटा कुत्रा' असा हिशेब केला, की घरचे आणि कुत्रा दोघेही त्रासतात. त्याला रोज भरपूर पळवावे, लपवलेला खाऊ वासाने शोधायला लावावा, उकरण्यासाठी वाळूचा कोपरा द्यावा. शिकवणी थोडा वेळच, पण रोज. मोकळ्या जागी साखळी सोडू नये, आणि घरात पांढरे उंदीर किंवा ससे असतील तर त्यांच्याजवळ त्याला एकटे ठेवू नये.

निवडीची दुसरी बाजूही आहे. या जातीत काहींच्या डोळ्यातील भिंग ऐन तारुण्यात जागचे निसटते आणि वेळीच उपचार न झाल्यास अंधत्व येते. त्यामागचा एडीएएमटीएस१७ या जनुकातील बिघाड २०१० साली सापडला. तो अप्रभावी आहे. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे वाटाण्यांसाठी फळ्यावर काढतो तेच कोष्टक. आता यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. पिल्लू आणण्यापूर्वी त्याच्या आईबापांची ती झाली आहे का, हे विचारून घ्यावे.